पान धरलेले हात

कुसुमवहिनी गेल्याची तार अमरावतीला माझ्या सासरी आली तेव्हा मी गहू निवडत होते. तार वाचली, घडी घातली आणि पुन्हा निवडायला बसले... शेजारच्या बाईंनी "कोणाची हो?" म्हणून विचारलं, तेव्हा कुठे रडू फुटलं. साध्या तापाचं निमित्त झालं म्हणे. त्याला आता दीड महिना होत आला.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, माहेर तिवशाचं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी लग्न होऊन ती अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या घरी आली, ती वडिलांनी दिलेला डबा-कॅमेरा सोबत घेऊनच. आल्या आल्या तिनं पाहिलं काय, तर पूर्वेची खिडकी! तिच्यापुढचं कपाट हलवायला लावलं, तेलाचे डबे कापून त्यांत नेचे, क्रोटन, रबराचं झाड असं काय काय लावलं. सकाळी "ऊन आलं व!" अशी हाक मारायची, जसं काही माहेरचं माणूस टांग्यातून उतरलंय. पोळी तव्यावर करपली तरी हिचं लक्ष खिडकीकडे. मी तिला सरळ वेड्यात काढत असे. पण फोटो धुऊन आले की माझं तोंड बंद व्हायचं. तोच आमचा पितळी तांब्या, तीच पोपडे आलेली भिंत... आणि आपण इतकी वर्षं या घरात काय डोळे मिटून वावरलो, असं वाटायचं.

काही वर्षांनी आईला कंपवात जडला. हात मांडीवर स्वस्थ ठेवले की थरथरायला लागत. कुणी आलं की ती ते पदराखाली लपवी. एकदा सगळ्यांचा फोटो काढायला आम्ही स्टुडिओत गेलो. "आई, हात हलवू नका," असं फोटोवाला सांगत राहिला, आणि जितकं सांगावं तितके ते जास्तच हलले. फोटोत आईच्या मांडीवर नुसता पांढुरका धुरळा उमटला. "माया मागं लेकरायले हेच दिसन काय व?" आई म्हणाली, "आता माया फोटो काढू नका." तो फोटो तिनं कपाटात उलटा घालून ठेवला.

वहिनी मात्र आईचे हात पाहत होती. जवळच्या जिनातला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला, कापूस उडून झाडांवर बसायचा आणि आई रोज ओल्या फडक्यानं पानं पुसायची. पान हातात धरलं की तिचा हात थांबायचा! आम्ही पोटची मुलं, डॉक्टरांकडे खेटे घालणारी... आमच्या कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. वहिनीचा कॅमेरा तर भोळा; घरातल्या उजेडात फोटो घ्यायचा म्हणजे त्याची झडप थोडा वेळ उघडी ठेवावी लागे, आणि तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. एका सकाळी तिनं कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि अगदी साळसूदपणे आईला म्हणाली, "आत्याबाई, त्या मोठ्या पानाच्या मागं कीड लागली काय? जरा धरून पाहा बरं."

आईनं रबराचं पान तळहातावर घेतलं, वाकून न्याहाळत राहिली... मी दारात उभी राहून पाहत होते.

"काई नाई व, साफ हाय," आई म्हणाली. तोवर वहिनीचं काम झालं होतं.

फोटो आला. पानावर तिरपं ऊन आणि पानाखाली आईचे हात. बोटांवरच्या सुरकुत्या, नखं, बांगड्या, सगळं लख्ख. आईनं फोटो मांडीवरच्या हातांत घेतला तर तो फडफडायला लागला, तिला काही दिसेचना. मग वहिनीनं तो खिडकीत टेकवून ठेवला. आई कितीतरी वेळ पाहत होती. "माये हात हायेत हे?" तिनं विचारलं. "तुमचेच, आत्याबाई," वहिनी म्हणाली आणि पोळ्या लाटायला निघून गेली. मी मात्र तिथंच खिळून राहिले. माणसाकडे असंही पाहता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

परवा पुन्हा अकोल्याला जाऊन आले. सून गेली आणि सासू मागे राहिली, हे आईला सोसवत नाही. ती सकाळपासून खिडकीशी बसून होती, पुसलेलंच पान पुन्हा पुसत होती.

"आई, झालं ना आता पुसून," मी म्हटलं.

ती पान सोडेना. "राहू दे व," म्हणाली, "पान धरलं का हात थांबते. कुसुमनंच धरून ठेवल्यावानी वाटते."