वेशीपाशी थांबलेली वरात

माझी मुलगी संशोधनासाठी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात राहते. मागच्या उन्हाळ्यात मी आईला घेऊन तिच्याकडे गेलो होतो. आईची पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. बारामतीबाहेर तिचा जीव रमत नाही, पण नातीनं फोनवर हट्टच धरला तेव्हा ती तयार झाली.

एक दिवस मुलगी आम्हाला नदीकाठचा जुना दरवाजा दाखवायला घेऊन गेली. शहराची मध्ययुगातली तटबंदी कधीच पाडलेली, हा दरवाजा मात्र शाबूत आहे. पिवळसर दगड, निमुळती टोकदार छपरं, खाली अंधारी कमान. कमानीतून माणसं, सायकली, बाबागाड्या जात-येत होत्या.

“आपल्याकडच्या वेशीसारखीच आहे की,” मी आईला सहज म्हणालो.

आई जागीच थांबली. मला वाटलं, गुडघा दुखला असेल. मी बाकडं शोधू लागलो.

“पोरी, हितनं कुनीबी जातं व्हय?” तिनं नातीला विचारलं.

“हो आजी. रस्ताच आहे हा.”

आईनं दगडावर हात टेकला आणि आमच्याकडे न बघता बोलू लागली.

“माझी वरात वेशीतनं जाऊ दिली न्हवती.”

आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडे. वस्ती वेशीबाहेर, हे मला माहीत होतं. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला होता, हेही माहीत होतं. पुढचं मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लग्न लागल्यावर वरात वेशीतून, पेठेतून वाजतगाजत न्यायची असं आजोबांनी ठरवलं होतं. बैलगाडी वेशीपाशी आली, तर गावातली माणसं काठ्या घेऊन आडवी उभी. वाजंत्री बंद पडली.

“तुझा बा गाडीतनं उडी टाकून म्होरं धावला. माझ्या बानं त्याला कवळा घालून धरला. म्हनला, जावईबापू, पोरीच्या लग्नात रगात नगं. गाडी माघारी फिरवली. वढ्यात चाक रुतलं. मी हळदीच्या अंगानं खाली उतरले आन् चिखलातनं चालत वस्तीवर आले.”

“मग आजोबा?” मुलीनं माझ्या वडिलांबद्दल विचारलं.

“ते येक शबूद बोललं न्हाईत. कदीच न्हाईत.”

लहानपणी सुट्टीला आम्ही आजोळी जायचो, तेव्हा वडील आम्हाला एसटीतून फाट्यापर्यंत सोडायचे आणि परतीच्या गाडीनं बारामतीला निघून जायचे. नोकरीचा माणूस, रजा मिळत नसेल, असंच आम्ही भावंडं समजत आलो. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना विचारण्याची सोय उरलेली नाही.

कमानीखाली एका बारक्या दारात तिकिटं देणारी बाई बसली होती. वर जायला गोल जिना होता. आईला तो चढणं शक्यच नव्हतं. पण ती दाराशी गेली आणि नातीला म्हणाली, “हिला इचार, ह्या भिंतीभाईर कोन राहायचं?”

मुलीनं फ्रेंचमध्ये विचारलं. बाई खुर्चीवरून उठून बाहेर आली आणि सावकाश सांगू लागली. मुलगी मराठी करत गेली. या भागात काही लोक होते. दिसायला इतरांसारखेच, देवही तोच. पण त्यांना तटाबाहेर राहावं लागे. कपड्यावर लाल खूण लावावी लागे. चर्चमध्ये शिरायला त्यांना वेगळं, ठेंगणं दार असे.

“येगळं दार?” आई म्हणाली. “आमाला तर दारच न्हवतं.”

मुलीनं हे त्या बाईला सांगितलं नाही.

“मग ती मानसं आता कुठं हायत?”

“इथंच आहेत म्हणे, आजी. सगळ्यांत मिसळून गेली. कोण त्यांच्यातला, हे आता कुणालाच सांगता येत नाही.”

“कुनालाच न्हाय?”

“नाही.”

“त्यांचं त्यांना तरी ठावं?”

मुलीनं विचारलं. बाईनं नकारार्थी मान हलवली.

नातीचा हात धरून आई कमानीच्या मधोमध चालू लागली. एक सायकलवाला मागून आला, थांबला, ती पलीकडे पोचेपर्यंत उभा राहिला. मी दोघींच्या मागून चाललो होतो. आईचा चेहरा मला दिसत नव्हता.

नंतर आम्ही नदीकाठच्या पायऱ्यांवर बसलो. मुलगी एकेक विचारत गेली: पाणी कुठून भरायचीस, शाळेत कुठं बसवायचे, वरातीनंतर आई तुझी काय म्हणाली. आई सगळ्याचं उत्तर देत होती, न रडता, न रागावता. एवढ्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नव्हतं. नदीवरून वारा सुटला तशी मुलीनं आपली ओढणी तिच्या गुडघ्यांवर टाकली.

“आन् काय इचारायचं ते इचार,” आई तिला म्हणाली. “आज सांगते.”