मामांचा जपानी सॉस

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, गंगापूरकडच्या खेड्यातून ऑपरेशनसाठी आमच्याकडं आले. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त खायला घाला, ताकद आली की गावी जाऊ द्या. फक्त खायला घाला! डॉक्टरांनी मामांना ताटावर बसलेलं पाहिलं नव्हतं. काहीही वाढा, 'बरंय' म्हणायचे, चतकोर भाकरी चिवडायचे आणि हात धुवायचे. सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चालला. सासूबाई, म्हणजे आत्या, शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकून येणार? त्या गावीच होत्या.

बाप खंगत चालल्यावर लेकानं काय करावं? माझ्या नवऱ्यानं त्यांना जपानी हॉटेलात नेलं. बिडकीनकडं कारखाने यायला लागल्यापासून आमच्या शहराला साऱ्या जगाची चव कळायला लागलीय. नळाचं पाणी तेवढं अजून वाट बघायला लावतं.

तिथं वाफवलेल्या भाज्यांबरोबर वाटीत तपकिरी सॉस आला. मामांनी बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "करपलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बघते तर बोट पुन्हा वाटीत. वाटी लख्ख झाली. मग माझी वाटी ओढली, तीही लख्ख.

झालं. हा सॉस आपण घरी करायचा असं नवऱ्यानं जाहीर केलं. आमच्याकडं 'आपण' म्हणजे मी. तीळ आहेत, लसूण आहे, एवढं जिभेला कळलं होतं. बाकीचं वेटरला विचारलं तर त्यानं असं तोंड मिटलं, जसं काही मी त्याच्या आईच्या पेटीची किल्ली मागितली. औरंगपुऱ्याच्या बाजारात हिंडून सोया सॉस आणला, व्हिनेगर आणलं. तीळ मंद आचेवर असे भाजले की एक दाणा करपू दिला नाही. मामांनी तेवढीच तर खोट काढली होती ना! हॉटेलवाल्यांपेक्षा सरस करून दाखवायची मला लई खुमखुमी.

मामांनी चाटलं. "बरंय," म्हणाले आणि हात धुतले.

मग गूळ घातला. मग व्हिनेगर काढून चिंच घातली. नवरा दरवेळी बोट चाटून सांगायचा, काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते सांगायची अक्कल सोडून त्याच्याकडं सगळं आहे. मामांच्या गळ्याची हाडं वर आली होती आणि मी आपली खलबत्ता बडवत बसले होते. भीती वाटायला लागली मला, खरंच.

शेवटी आत्यांना फोन लावला आणि रडले. सॉस म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धा वेळ गेला. तिळाची पातळ चटणी म्हटल्यावर त्यांना उमगलं. मग त्यांनी भलतंच विचारलं.

"जेवताना नावं ठेवतात का?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, छे, माझ्या हातचं सगळं त्यांना बरं लागतं.

"मंग कसे जेवतील?" आत्या म्हणाल्या.

त्यांची स्वतःची तिळाची चटणी लग्नापासून करपत आलीय. तीळ तव्यावर टाकले की नेमक्या दारात शेळ्या ओरडतात, त्यांच्याकडं बघून येईस्तोवर तीळ काळे. मामा शिव्या घालतात. शिव्या घालता घालता भाकरीमागून भाकरी संपवतात. आणि मी शहाणी, मामांना नावं ठेवायला जागाच ठेवली नव्हती.

मी तीळ तव्यावर टाकले आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. शेळ्या नव्हत्या, म्हणून खालच्या रिक्षा बघितल्या. घरात धूर झाला तसा नवरा अक्कल शिकवायला धावत आला. त्याला म्हटलं, एक शब्द बोललास तर तूच कर. तो गेला.

संध्याकाळी मामांनी बोट बुडवलं, चाटलं. तोंड वाकडं झालं.

"करपवलंस व्हय? सासूकडनं हेच शिकली का?"

"चुकलं मामा."

"तिचं बी रोज चुकतंच," म्हणाले आणि वाटी जवळ ओढली. ताटातली भाकरी संपली. नजर वर न करता त्यांनी हात पुढं केला.

"आण अजून. आन् कालवणात मीठ नाय."

मीठ बरोबर होतं.