संध्याकाळी दाखवू

धुळ्याच्या डॉक्टरांनी निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्या ह्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "साखर वाढलेली आहे. गोळ्या चुकवू नका. आणि पायाला जपा. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. काही लागलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही." मी शेजारच्या खुर्चीवर होते. शब्द न् शब्द मी ऐकला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला अजाण समजायला नको.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हे बँकेत आणि मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला. बँकेकडून दर चार वर्षांनी प्रवासाची सवलत मिळायची, आणि दर वेळी कोणाचं तरी लग्न नाहीतर आजारपण निघून ती वाया जायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत माझी सुट्टी म्हणजे पारोळ्याजवळचं सासर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरुष मंडळी पत्ते कुटत बसायची आणि मी मांडे भाजून भाजून घामाघूम. माहेर सावद्याचं, तिथे गेलं तर वडलांच्या केळीच्या बागेतल्या मजुरांचा चहा माझ्याकडेच. आपण कुठेतरी बसलो आहोत, समोर ताट आलं आणि ते आपण वाढलेलं नाही, एवढं सुख मला पाहिजे होतं. माणसाने जास्त मागू नये म्हणतात. मला तर हे जास्त वाटत नव्हतं.

बँकेतलेच एक जण लक्षद्वीपला जाऊन आले आणि त्यांच्या बायकोने मला सगळं वर्णन करून सांगितलं. कोचीहून जहाज निघतं. रात्री चालतं, दिवसा एकेका बेटाजवळ उभं राहतं. असे पाच दिवस, तीन बेटं. शेवटच्या बेटावर शिडाची होडी मिळते, नवरा-बायकोला दिवसभर आजूबाजूच्या बेटांमधून फिरवून आणते. ती शिडाची होडी माझ्या डोक्यात बसली. मी वर्षभर ह्यांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी हे म्हणाले, "चल बाई, एकदाचं तुला समुद्रात सोडून येतो."

जानेवारीत निघालो. मी दशम्या, शेव, लसणाची चटणी आणि सावद्याहून आलेले केळ्याचे वेफर्स असा डबा बांधला होता. केरळात केळ्याचे वेफर्स घेऊन जाणारी मी पहिलीच असेन. जहाजावरच्या वाढप्याने एक तोंडात टाकला आणि इतका हसला की मला रागच आला. पण त्याने ताट मात्र माझ्यासमोर अदबीने ठेवलं. भात, सांबार, पापड. मी अगदी सावकाश जेवले. हे बघत होते आणि म्हणाले, "तुला इतकं हळू जेवताना पहिल्यांदा पाहिलं."

पहिल्या बेटावर दुपारी समुद्र मागे हटला. आम्ही दोघंही नदीची माणसं. हे बोरीकाठचे आणि मी तापीकडची. आमच्याकडे पाणी ओसरलं की ओसरलं, पुढच्या पावसापर्यंत रस्ता मोकळा. इथे पाणी हटलं तसा खडकांचा एक करडा पट्टा वर आला आणि हाकेच्या अंतरावरच्या छोट्या बेटापर्यंत वाट तयार झाली. घोट्याएवढं पाणी, स्वच्छ, खाली रंगीत मासे. हे पोरासारखे हरखले. "चल, पलीकडे जाऊ."

आणि ह्यांनी चप्पल काढून हातात घेतली.

आमच्याकडे नदी ओलांडायची तर पहिलं काम ते. वहाणा हातात, धोतर-लुगडं खोचलेलं, मग पाय पाण्यात. वहाण गाळात रुतते, वाहून जाते, आणि पायाला तळ चाचपता येत नाही. हे कोणी शिकवत नाही, पाणी दिसलं की हात आपोआप खाली जातो. माझाही गेला. मीपण चपला हातात घेतल्या.

आम्हाला जहाजावरून किनाऱ्यावर आणणारा म्हातारा होडीवाला मागून काहीतरी ओरडत होता. एक पाय वर करून आपली रबरी चप्पल दाखवत होता, दोन्ही हात हलवत होता. ह्यांनीही वळून हात हलवला. म्हणाले, "बघ किती प्रेमळ माणसं आहेत."

चार पावलांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो खडक नव्हताच, पोवळ्याची नुसती टोकं होती, विळीसारखी. मी तिथेच उभी राहून चपला घातल्या. हे मात्र पुढे निघालेले, सपासप. तेव्हाच मला डॉक्टर आठवले. मी हाक मारली, "अहो, चप्पल घाला!"

"शेतकऱ्याचा पाय आहे हा. मास्तरणीचा नाही," हे न थांबता म्हणाले. "मला काही टोचत नाही."

काही टोचत नाही, म्हणजे डॉक्टर म्हणाले होते तेच. पण मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. ऊन छान होतं आणि हे इतके खुश होते. परत फिरलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येतं, हे चाळिशीत पहिल्यांदा कळलं. दोघंही खूप हसलो.

जहाजावर आलो तर आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर लाल ठसा. मी ह्यांना बिछान्यावर बसवून तळवा उलटा केला. अंगठ्याच्या खाली नखाएवढी चीर होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. मी बोटाने दाबलं. ह्यांचा चेहरा जसाच्या तसा. "काय आहे?" म्हणून मलाच विचारलं.

"काही नाही, खरचटलंय," मी म्हणाले. पाय धुतला, बरोबर आणलेली हळद भरली, वर मोजा चढवला. जहाजावर डॉक्टर होते. आमच्या खोलीपासून तीन दारं सोडून त्यांची खोली होती. सकाळ-संध्याकाळ दार उघडं असायचं.

दुसऱ्या बेटावर आम्ही नारळाच्या सावलीत बसलो. हे बूट-मोजे घालून होते आणि मी दर तासाला विचारत होते, दुखतंय का. दुखत नाही, असं उत्तर आलं की मला हायसं वाटायचं. दुखत नाही हेच तर दुखणं होतं, आणि ते मला माहीत होतं. तरी वाटायचं. मन किती लबाड असतं ते मला त्या दोन दिवसांत कळलं. संध्याकाळी मोजा काढला तर तो हळदीने पिवळा आणि मधे ओला. पाऊल थोडं फुगलं होतं. अंगठ्याची बाजू लालसर. मी परत धुतलं, परत हळद भरली, आणि ह्यांना काही बोलले नाही. ह्यांनीही काही विचारलं नाही. त्या रात्री जहाज अगदी संथ चाललं होतं आणि मला झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे आधी उठून बसले होते. पाय मांडीवर घेऊन बघत होते. खोलीत एक वास होता. गोडसर, कुबट. केळ्यांच्या ढिगात तळाशी एखादा घड सडला की येतो तसा. सावद्याच्या मुलीला तो वास सांगावा लागत नाही. केळीवाला असा वास आला की ढीग लगेच उपसतो, एक दिवससुद्धा थांबत नाही.

हे म्हणाले, "डॉक्टरला दाखवून येऊ का गं?"

आठ वाजता होड्या निघणार होत्या. मी साडी नेसून तयार होते. डॉक्टरांनी एकदा पाय पाहिला की ते ह्यांना खाली उतरू देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते आमच्या धुळ्याच्या डॉक्टरांसारखेच माझ्याकडे बघतील आणि विचारतील, कधी लागलं. आणि ती शिडाची होडी निघून जाईल. पुन्हा चार वर्षं. पुन्हा कोणाचं तरी लग्न.

मी आरशात बघत कुंकू लावत होते. तशीच मी म्हणाले, "संध्याकाळी दाखवू."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं," आणि मोजा घातला.

तो दिवस सुंदर होता, हे खोटं बोलता येणार नाही. होडीवाला, हाही म्हाताराच, शीड उभारून मागे बसला होता. होडी आवाज न करता सरकायची. एक बेट यायचं, पांढरी वाळू, झुकलेले नारळ, माणूस नाही. ते मागे पडायचं, दुसरं यायचं. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर चाललेली दिसायची. मला ती बघवेना. ह्यांनी बूट काढून उजवा पाय मोज्यासकट बाहेर पाण्यात सोडला होता. "गार वाटतंय," म्हणाले. "आग होतेय का?" मी विचारलं. "नाही. वर पोटरीपर्यंत नुसतं जड वाटतंय."

दुपारी हे एकदम शहारले. भर उन्हात. मी कपाळाला हात लावला, तर तापलेला तवा. म्हाताऱ्या होडीवाल्याने ह्यांच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शीड वळवायला हात घातला. माझ्याही आधी त्याला कळलं असं मी म्हणाले असते, पण तेही खोटं. हे मात्र म्हणाले, "राहू द्या बाबा, ते शेवटचं बेट दाखवा हिला." म्हाताऱ्याला भाषा कळली नाही म्हणून बरं झालं. त्याने होडी वळवलीच.

संध्याकाळी दाखवलं. डॉक्टरांनी मोजा कात्रीने कापला आणि दिवा जवळ ओढला. लाल रेघ घोट्यावरून वर चढली होती. "कधी लागलं?" त्यांनी विचारलं. हे तापात होते. मी म्हणाले, "परवा." "परवा?" ते म्हणाले. एवढंच. इंजेक्शन दिलं, रात्रभर दर दोन तासांनी येऊन बघून गेले. कोचीला उतरताच दवाखान्यात नेलं. तिथे नऊ दिवस काढले आणि अंगठा तिथेच ठेवून आलो. घरचे हवेत म्हणून ह्यांना धुळ्याला आणलं, आणि धुळ्यात पंधरा दिवसांनी पाय गेला. गुडघ्याखालून.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गावाहून सासूबाई आल्या. बरोबर दीर, जाऊ, भावकीतले दोघं. माझी आईही सावद्याहून आलेली होती. सासूबाई खाटेजवळ उभ्या राहिल्या, चादर जिथे सपाट होती तिथे हात फिरवला आणि वळून मला विचारलं, "तू ते संगे व्हती ना वं. तुले दखायनं नही का?"

बरोबर असून हिला दिसलं कसं नाही, म्हणून सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं. महिनाभर मनाशी घोकत होते, की कोणी विचारलं तर सांगायचं. एकदा सांगून मोकळं व्हायचं, मग काय व्हायचं ते होवो. आणि मी खाटेवरची चादर सारखी करायला लागले.

तेवढ्यात हे बोलले. आवाज खोल गेला होता, पण सगळ्यांना ऐकू आलं. "माय, तिले काही म्हणू नको. ती सांगे माले, डॉक्टरले दखाड, डॉक्टरले दखाड. मीच ऐकं नही. माले होडीमा फिरनं व्हतं."

हे बोलताना ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या आईकडेच बघत राहिले. मला वाटलं होतं त्या सकाळचं ह्यांच्या लक्षात नसेल, ताप होता, गडबड होती. सगळं लक्षात होतं.

अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. दीर मान हलवत म्हणाले, "दादा पहिल्यापासून हट्टी." जाऊबाईंनी मला पाण्याचा पेला दिला. माझी आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाले, "किती वेळा सांगितलं मी. पण हे ऐकतात का कोणाचं?"