निळ्या गाडीपासून उजवीकडे

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंगळवारी दुपारी साडेतीनला बिलोलीचे आमचे वार्ताहर नांदेडच्या कार्यालयात आले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “साहेब, जरा जर्मनी लावा.”

पुढचे तीन महिने हेच. आठवड्यातून दोनदा एसटीने यायचे, नेमके मी उद्याच्या अंकाचं पान लावत असायचो त्या वेळेला. मुलगी तिकडे बाळंत होणार होती. तिला आई नाही, म्हणून हे निघाले होते. तिची दवाखान्यात भरती व्हायची तारीख आणि यांचं विमान एकाच दिवशी होतं. जावई तिच्यापाशी असणार, घ्यायला कोणी येणार नव्हतं. ट्रामच्या थांब्यापासून घर यांनीच शोधायचं होतं.

“टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवा, काका.”

“आन् त्यानं भलतीकडंच उतरवलं तर? पोरीला कळा चालू असताना फोन करून इचारू का, बाई, मी कुठं हाय?”

म्हणून मी नकाशातले रस्त्याचे फोटो उघडून त्यांना थांब्यापासून दारापर्यंत न्यायचो. अंतर चारशे मीटर. ते वहीत खुणा टिपायचे. निळी गाडी, उजवीकडे. जाळीला टेकवलेली सायकल, सरळ. बाकावर म्हातारा, समोर दार.

“गाडी म्हणजे खूण नव्हे, काका. ती हलते.”

“कुठं हलती? दोन महिने झाले, मी दर खेपेला पाहून राहिलो. तिथंच हाय.”

“हा फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे. कोपऱ्यात लिहिलंय बघा.”

“मंग सहा वर्षं तिथंच हाय!”

ही त्यांची जुनी खोड. एका अपघाताच्या बातमीत त्यांनी ठिकाण दिलं होतं, ‘बाभळीच्या पुढे, म्हैस बांधलेली असते तिथे’. आमचा छायाचित्रकार दोन तास फिरला. त्या दिवशी म्हैस बाजारात गेली होती. तुमच्याही कार्यालयात असं एखादं माणूस असेल. त्याच्याशी वाद घालून काही उपयोग होत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

बाकावरच्या म्हाताऱ्याचा चेहरा पुसट होता. नकाशावाले सगळ्यांचेच तसे करतात. काका दर खेपेला पडद्याला हात जोडायचे, “रामराम, पाव्हणं.” बाकीचे हसायचे. माझं पान उशिरा जायचं.

एकदा मी ओरडलो, “रस्त्याचं नाव लिहा! घराचा नंबर लिहा!”

त्यांनी वही मिटली. “तिकडचं नाव वाचाया येत न्हाई मला, साहेब. माणूस वळखाया येतं.”

शेवटच्या खेपेला मी रस्त्यांची नावं देवनागरीत छापून दिली. “लई झ्याक,” ते म्हणाले आणि तो कागद त्यांनी मुलीच्या डिंकाच्या लाडवांसाठी नुकत्याच घेतलेल्या डब्यात तळाला अंथरला.

ते फेब्रुवारीत गेले, अजून परतलेले नाहीत. बिलोलीच्या बातम्या सध्या दुसरा वार्ताहर पाठवतो, गाव, रस्ता आणि किलोमीटरसह.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाच्या फोनवरून त्यांचा संदेश आला: “नात झाली. दोघी बऱ्या हायत. घर सापडलं. निळी गाडी न्हाई. सायकल न्हाई. म्हातारा हाय.”

सोबत फोटो होता. बाकावर काका आणि एक म्हातारा. तो तोच आहे का, याची खातरजमा झालेली नाही. त्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. हातात अर्धा खाल्लेला डिंकाचा लाडू आहे.