बेटावरच्या खोलीची तालीम

आमच्या नाटक मंडळीत मिस्त्री म्हटलं की एकच माणूस. नट आले आणि गेले, कुणी सिनेमात गेले, कुणी दारूत गेले. मिस्त्री मात्र कानामागे पेन्सिल खोचून तिथेच. राजवाडा, कोर्ट, गरिबाची खोली, सगळं त्यांनी उभं केलं आणि खेळ संपल्यावर त्यांनीच पाडलं. टाळ्या आम्ही घेतल्या.

नेपथ्य बांधण्याआधी ते तालीमघराच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून खोली आखायचे. पांढरी पट्टी म्हणजे भिंत, लाल म्हणजे दार, निळी म्हणजे पायरी. चुकून कुणाचा पाय पांढऱ्या पट्टीवरून गेला की कोपऱ्यातून आरोळी यायची, "भिंतीतून आलात! भूत आहात का?" मग ते आम्हाला डोळे मिटून चालायला लावायचे. दिवे विझल्यावर अंधारात जागा घ्यायची असते, तेव्हा डोळे कामाला येत नाहीत, पाय येतात. त्यांचा एक नियम तर मालकांनाही मोडता येत नसे: तालमीत नव्हती ती वस्तू प्रयोगात ठेवायची नाही. एकदा मालकांनी हौसेने नवी फुलदाणी आणून टेबलावर ठेवली. मिस्त्रींनी पडदा उघडायच्या आत ती विंगेत भिरकावली. "अंधारात कोणाचं डोकं फुटलं तर फुलं त्यालाच वाहायची का?"

त्यांची बायको, आमची वहिनी, कपडेपट सांभाळायची. माझी उंची वाढली नाही पण घेर वाढला, तो तिने कितीतरी चोळ्या उसवून पोटात घातला, आणि कधी कुणाला सांगितलं नाही. एका बेटावर घडणाऱ्या नाटकासाठी तिने निळ्या कापडाचा समुद्र शिवला होता. दोन विंगांतून दोघांनी धरून हलवायचा. पुढे तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. दोन्ही बाजूंनी पडदा हळूहळू मिटत यावा तशी तिची नजर मिटत गेली. आधी सुईचं भोक गेलं, मग सुई गेली, मग आम्ही.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मी शिवलेला समुद्र सुती होता. एकदा खरा पायाला लागू दे."

मिस्त्री एवढ्याचीच वाट पाहत असल्यासारखे कामाला लागले. त्यांनी खरंच एक बेट शोधलं. होडीने जायचं, नारळाच्या झाडांखाली सुट्या सुट्या खोल्या, खोलीची पुढची बाजूच उघडी, थेट वाळूवर. चार दिवस राहायचं ठरलं. मुलीने घर डोक्यावर घेतलं.

"आईला घरातलं घरात ठेच लागते आणि तुम्ही तिला बेटावर नेताय?"

"घरात ठेच लागते कारण तू दर आठवड्याला खुर्च्या हलवतेस," वहिनी म्हणाली.

"मग बाबांचा हात सोडू नकोस म्हणजे झालं."

"तसं असेल तर मी येत नाही. ऐका हो तुम्हीपण. चार दिवस माझा हात धरायचा नाही. बाथरूमला माझी मी जाईन, पाण्यातही माझी मी जाईन. गाठोड्यासारखी उचलून नेऊन समुद्रात बुचकळून आणणार असाल तर बादली आणा, इथेच भिजते."

सगळी गोष्ट या एका अटीवर उभी होती. तिला समुद्र तर हवा होताच, पण आपल्या पायांनी हवा होता.

मिस्त्रींनी हॉटेलवाल्याला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. तो बापडा वाळूत उभा राहून, खोलीकडे तोंड करून, समोर दिसेल ते सांगत होता. मधोमध पलंग, डोकं मागच्या भिंतीला. डाव्या हाताला बाथरूम. उजव्या हाताला बाजूचं दार, दाराबाहेर दगडी पायऱ्या. त्याने फोटोही पाठवला होता, पण त्यात नुसता समुद्रच होता.

मिस्त्रींनी पट्ट्या आणल्या आणि तालीमघराच्या फरशीवर खोली आखली. आता आमच्या धंद्यात डावं म्हणजे नटाचं डावं. प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिलेल्या नटाचा डावा हात. समोरून बघणाऱ्याचं डावं आम्ही धरतच नाही. मिस्त्रींनी सगळी उमर तसंच ऐकलं, तसंच बांधलं. या खोलीत उघडी बाजू म्हणजे समुद्र, म्हणजे तिकडे प्रेक्षक. तेव्हा समुद्राकडे तोंड करून पलंगावर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला त्यांनी बाथरूमची लाल पट्टी मारली. पट्टी अगदी सरळ होती. खोली उलटी होती. आम्हा दोघांनाही संशय आला नाही.

मग तालमी सुरू झाल्या. काय दिवस होते ते! बंद पडलेल्या मंडळीतले आम्ही चार म्हातारे रोज संध्याकाळी जमायचो. पेटीवाला लाटांचा आवाज काढायचा. मी हॉटेलचा वेटर. खांद्यावर टॉवेल टाकून विचारायची, "मॅडम, चहा आणू की सरबत?"

"आधी वाटेतून बाजूला व्हा. वेटर आहात की कपाट?"

ती पलंगावरून उठायची, डावीकडे वळायची, हाताने हवेतली भिंत चाचपत दारापाशी जायची. सुरुवातीला पांढऱ्या पट्टीवर पाय पडायचा आणि मिस्त्री ओरडायचे, "भूत!" ती म्हणायची, "तुमच्यासारख्याशी संसार केला, भूत नाही तर काय होणार?" पुढे पुढे ती इतकी सराईत झाली की झोपेतून उठवली असती तरी बरोबर गेली असती. मिस्त्री हेच अभिमानाने म्हणाले होते, याच शब्दांत.

बेटावर पोहोचल्यावर उंबऱ्यातच मिस्त्रींना चूक कळली. पलंगावर समुद्राकडे तोंड करून बसलं की बाथरूम उजवीकडे, पायऱ्यांचं दार डावीकडे. खोली बदलून मागितली, तर हॉटेलवाला म्हणाला सगळ्या तशाच. पलंग फिरवावा, तर तो सिमेंटचा बांधलेला. दाराला कडी होती, पण खाऱ्या हवेने गंजून निखळलेली. बाहेर पायऱ्या, आणि कठडा नाही.

त्यांनी तिला खरं सांगितलं. ती हसत सुटली. "अहो, एवढी वर्षं नाटकात काढली. दौऱ्यावर उलटं स्टेज कधी मिळालं नाही का? चला, पुन्हा तालीम."

त्या संध्याकाळी तिने उजवीकडची वाट पाठ केली. एकदाही चुकली नाही.

मिस्त्रींनी पडदे ओढायची जुनी जाड दोरी आणली होती. ओसरीच्या खांबापासून पाण्यात रोवलेल्या खुंटापर्यंत त्यांनी ती ताणून बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी त्या दोरीला हात लावून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, एकटी पाण्यात गेली. मिस्त्री वाळूत बसून राहिले. कुणी पर्यटक मदतीला धावला तर ते त्याला हाताने थोपवायचे. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडली, "अहो, हा तर आपल्या आपण हलतोय! विंगेत कोणीच नाही!" मला सांगताना मिस्त्रींनी हे वाक्य दोनदा म्हणून दाखवलं.

दोन दिवस असे गेले. पण मिस्त्रींना त्या डावीकडच्या दाराची धास्ती होती. त्यांनी तिला म्हटलं, "रात्रीपुरता तरी हात धरू दे." ती म्हणाली, "ठरलंय ना आपलं?" मग ती झोपल्यावर त्यांनी लाकडी खुर्ची त्या दाराला आडवी लावून ठेवली. चुकून तिकडे गेली, तर अडेल. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काढायला लावली असती.

तिसऱ्या पहाटे ती अर्धवट झोपेत उठली. जागेपणी तिला उजवं पाठ होतं. पायांना डावं पाठ होतं. ती डावीकडे वळली, तालमीत चालायची तशी ऐटीत, न चाचपता, आणि खुर्चीवर आदळली.

खुब्याचं हाड मोडलं. होडीत आडवी घालून आणताना तिने मिस्त्रींना एकच विचारलं, "तिथे काय होतं हो?"

"खुर्ची."

"तालमीत नव्हती."

"नव्हती."

मिस्त्री म्हणतात, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना परोपरीने सांगितलं, मिस्त्री, खुर्ची नसती तर दार उघडलं असतं, पुढे दगडी पायऱ्या होत्या. ते मान हलवतात. पटलेल्या माणसाची मान तशी हलत नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. मिस्त्रींनी घरी पलंगापासून बाथरूमपर्यंत तीच दोरी भिंतीत हुक मारून बांधली, तिच्या हाताला येईल अशा उंचीवर. ती रोज विचारायची, "बांधलीत का?" आणि ते रोज म्हणायचे, "बांधलीय, तू ऊठ तर." ती उठली नाही. छातीत कफ भरला, ताप चढला. शेवटच्या आठवड्यात तिला कूस बदलायलाही दोन माणसं लागत. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तरी तिचा हात धरा." मिस्त्रींनी वहिनीकडे पाहिलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "विचारून धरा."

त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. दोरी अजून तशीच आहे, खोलीच्या मधून आडवी. मुलीने दोनदा सोडायला घेतली, पण गाठ मिस्त्रींची, ती कुणाला सुटत नाही. मिस्त्री चहा आणायला आत गेले. त्यांची नजर अजून चांगली आहे, तरी जाताना त्यांनी दोरीवर हात ठेवला आणि तो न उचलता पलीकडे गेले. मी खुर्ची शोधली. त्या घरात आता एकही खुर्ची नाही. मग मी वाकून दोरीखालून गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले.