दुपारी एकची गोळी

टायगर तिसऱ्यांदा ओकला, तेव्हा त्यात चहापत्तीसारखा काळा चुरा होता. म्हणजे पोटात झिरपलेलं रक्त. मी विनोदवर खेकसलेच, "माझ्या गोळीशिवाय काय दिलं याला?"

"काईच नाई मॅडम. आईले विचारा."

वरूडजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत उभी होते मी. आठवड्यापूर्वी याच कुत्र्याचा मागचा डावा गुडघा दुखत होता, म्हणून कुत्र्यांची पेनकिलर लिहून दिली होती. वजन करून, रोज एकदा, जेवणानंतर. दुसरं काही औषध चालू आहे का, हेही विचारलं होतं. विनोदची आई, शांताकाकू, म्हणाल्या होत्या, "कुत्र्याले काईच नाई देल्लं." आजही डोळ्यांत बघून तेच म्हणाल्या. खोटं बोलणारे मालक मला लगेच कळतात. ही बाई खरं बोलत होती.

पेनकिलर दुखणं थांबवते, पण पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही कमी करते आणि किडनीवर ताण आणते. बेताच्या डोसात कुत्रा ते सोसतो. दोन पेनकिलर एकत्र झाल्या, की आतून जखमा होतात. हे दोन गोळ्यांचंच काम होतं. पण दुसरी कोणती?

मी सलाईन लावलं. शेजारी विनोदच्या वडिलांची, काकांची बाज होती. काका जाऊन चार महिने झाले होते, पण उशी, चष्मा, मोबाइल सगळं जागच्या जागी.

बरोब्बर एकला तो मोबाइल वाजला. अलार्म! इतका वेळ मान न उचलणारा टायगर उठला. नळी ताणत, डावा पाय अधांतरी धरून बाजेपाशी गेला आणि पुढचे दोन्ही पाय वर ठेवून थांबला. काकू बशीत चहा घेऊन आल्या. त्यात पांढरी गोळी विरघळत होती.

"काकू, हे काय?"

"यायची, विनोदच्या बाबाची गुडघ्याची गोळी. एक वाजताची."

"तुम्ही तर म्हणालात, कुत्र्याला काही दिलं नाही!"

"कुत्र्याले कुठं देल्ली वं माय? यायले देल्ली." मग हळूच म्हणाल्या, "तोच गुडघा हाय. डावा. तेरवीपासून बाजेवर येऊन बसतात, लंगडाले लागले तवापासून गोळी सुरू केली. मले समजत नाई का?"

"आई, येडी झाली का वं तू!" विनोद ओरडला.

मी बशी काढून घेतली. माणसांची ती गोळी कुत्र्याच्या पोटात विषच. पण या बाईला सांगू काय, की तुम्हीच त्यांना मारताय? राग माझा मलाच आला होता. कुत्र्याचं विचारलं, घराचं विचारलंच नाही. मग डिग्री गेली चुलीत म्हटलं आणि बोलून टाकलं, "काकू, आता यायचं पोट बदललं. ही गोळी नाई सोसत त्यायले. देत राह्यल्या, तर परत जातील."

काकू आत जाऊन आल्या. सगळी पाकिटं त्यांनी माझ्या ओंजळीत ओतली. "मंग सोसते ते तुमी द्या. पर जाऊ नका देऊ."

दोन्ही गोळ्या बंद. रक्त अमरावतीला तपासलं, किडनी शाबूत होती. पाच दिवस सलाईन, अल्सरची औषधं. टायगर वाचला. पायासाठी नंतर पोटाला न लागणारी वेगळ्या प्रकारची गोळी सुरू केली.

तेव्हापासून कुत्र्याला काय दिलं, एवढ्यावर मी थांबत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगते, गेलेल्या माणसांच्याही. परवा चांदूर रेल्वेच्या एका बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, गोळ्यांची पाकिटं मात्र नवी कोरी. बाई अजून विकत आणत होत्या. मी पाकिटं माझ्या बाजूला ओढून घेतली. आधी कुत्र्याचं वजन केलं.