जाड पाकीट

मुलुंड, १९५६

आपल्या फिरत्या वहीत आळीपाळीने लिहिणाऱ्या मैत्रिणींनो, आज वही माझ्याकडे आली आणि दुपारीच हे घडलं.

पोस्टमनने चाळीच्या गॅलरीतून हाक मारली, "बाई, तुमचं जाड पाकीट!" जाड पाकीट म्हणजे मासिकाकडून परत आलेली कथा, हे आता अख्ख्या चाळीला ठाऊक झालंय. वर पत्ताही माझ्याच अक्षरात, कारण परतीचं पाकीट आपणच जोडायचं असतं ना!

तांदूळ निवडत बसलेल्या बायका हसल्या. शेजारच्या मालवणच्या काकी म्हणाल्या, "तुझा पत्र तुकाच इला गो!"

एरवी मी पाकीट पदराखाली लपवून आत पळते. आज डोकंच फिरलं. तिथेच पाकीट फाडलं. "हसताय ना? मग आता ऐका!" म्हटलं आणि उभ्याउभ्या कथा वाचायला लागले.

चौथ्या पानावर सासूबाई दारात आल्या. "ही शोभा पुरे झाली, आत ये."

मी पानं गोळा करायला लागले. तर हातातलं सूप खाली ठेवून काकीच म्हणाल्या, "वयनी, जरा गप ऱ्हवा! त्या पोरीचा फुडे काय झाला?"

शेवटपर्यंत वाचली.

तुमच्या ट्रंकेत अशी किती पाकिटं दडवलीयत गं? माझी कथा उद्या दुसऱ्या मासिकाकडे निघालीय. परतीचं पाकीट न जोडता.